एका हाताची ओंजळ

थंडीची चाहूल लागली, नदीकडचा वारा सुटला की आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक गोड, जळकट, जरासा मातकट वास शिरतो. वाचत बसलेली मंडळी नाक वर करतात. "उतरली वाटतं कुठंतरी काहील," असं कुणीतरी म्हणतं आणि पटापट खिडक्या उघडल्या जातात. पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर मी बसतो. मी उठतो आणि माझ्यामागची खिडकी लावून घेतो. ग्रंथपालबाई नवीन आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मामा, तुम्हाला गूळ आवडत नाही का?"

"आवडतो की," मी म्हणालो.

तेवढंच. पुढचं बोलायला मला एवढी वर्षं लागली.

आमचं गाव भोगावतीच्या काठाला. मोसम सुरू झाला की मळ्यामळ्यातनं धुराचे खांब उभे राहायचे. चरकातनं रस पडायचा तो फसफसत, हिरवट फेस घेऊन. काहिलीत, म्हणजे गुळाच्या त्या मोठ्या कढईत, तो तापला की भेंडीचं पाणी मारायचे आणि काळी मळी फुगून कडेला यायची. चुलवाणात चिपाडं कोंबणाऱ्या माणसाच्या भुवया मोसमभर उगवायच्या नाहीत. गूळ करणारा गुळव्या, रसाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी चाचपायला लागला की सगळं गुऱ्हाळ श्वास धरून उभं. आणि एक रीत. ती अजूनही आहे. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रिकाम्या तोंडी पाठवायचं नाही. वाटसरू असो नाहीतर वैरी. "या पावणं, रस घ्या की!"

ही रीत आमच्या वस्तीलाही लागू होती. फक्त पेला लागू नव्हता. पावण्यांना पितळी पेला, आम्हाला ओंजळ. रस वरून ओतायचे, अंतर राखून. माझा थोरला भाऊ तुकाराम, त्याला मी अण्णा म्हणायचो, त्यानं मला ओंजळ धरायला शिकवलं. मनगटं जोडायची, बोटात बोट घट्ट, हनुवटी टेकायची. "थेंब गळाय नगं म्हादू," तो म्हणायचा. "गळला की ती हसत्यात."

अण्णा हलगी वाजवायचा. कुस्त्यांच्या मैदानात पैलवान लाल मातीत उतरला की अण्णाची हलगी अशी काही कडकडायची की तालमीतले म्हातारे वस्तादसुद्धा मांडीवर थाप मारायचे. डाव्या हातात पातळ काडी, उजव्यात जाड टिपरू. मला तो म्हणायचा, डावा हात बोलतो आणि उजवा हात ठरवतो. मोसमात मात्र हलगी खुंटीला आणि अण्णा चरकाला. चरकात ऊस घालायचं काम त्याचं.

ते गुऱ्हाळ होतं सर्जेरावच्या बापाचं. बैल जाऊन नुकतंच डिझेल इंजिन आलं होतं आणि मालकाचा पोरगा म्हणून सर्जेराव इंजिनाशी. त्या दुपारी त्याची शेजारच्या मळ्याशी पैज लागली होती, कुणाचं आदण आधी उतरतंय त्याची. आदण म्हणजे काहीलभर रस शिजून गूळ होईपर्यंतची एक खेप. मी पलीकडं चिपाडं वाळत घालत होतो. अण्णा ओरडत होता, "सर्जेदादा, कमी करा! घास झेपंना झालाय! कमी करा!" सर्जेराव हसला. त्याचे दोस्त बसले होते ना. त्यानं इंजिन वाढवलं.

त्यानंतरचा अण्णाचा आवाज मी लिहिणार नाही. रस लाल झाला आणि तो रस त्यांनी फेकून दिला, एवढं लिहितो.

हात गेला ते गेलं. हात जातात, चरकानं आमच्या भागात पुष्कळांचे हात खाल्लेत. पण संध्याकाळी सर्जेरावचा बाप चावडीपुढं म्हणाला, "तुक्या पिऊन आलावता. आम्ही काय करणार?" आणि सर्जेराव बापामागं उभा राहून चिंधीला हात पुसत राहिला. माझ्या अण्णानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. सर्जेरावला ते ठाऊक होतं, कारण शिमग्याला त्याच्याच टोळक्यानं अण्णाला पाजायला बघितलं होतं आणि अण्णानं बाटली ओतून दिली होती. तो एक शब्द बोलला असता तर भागलं असतं. तो हात पुसत राहिला. दिवस मावळायच्या आत माझा भाऊ गावात बेवडा झाला.

पुढच्या मोसमाला अण्णा गुऱ्हाळावर गेला, सवयीनं. रस वरून ओतला गेला. त्यानं डावा हात पुढं केला, उजवीकडचं खुंट त्याला लावलं. रस सगळा कोपरावरून खाली गेला. एका हाताची ओंजळ होत नाही. ती माणसं हसली.

मी हसणाऱ्यांची तोंडं बघितली नाहीत. सर्जेरावचं बघितलं. तेव्हापासून ते तोंड मी सोडलं नाही.

तो सैन्यात भरती झाला. गावानं हार घातले. त्याच्या मागोमाग मीही गेलो. लोक म्हणाले, म्हादू देशासाठी गेला. देश माझ्या मनात असेलही कुठंतरी. पण पुढं सर्जेराव होता. जिल्हा एक, म्हणून पलटणही एकच पडली. तो रायफलवाला झाला. मला विचारलं, काय येतं? म्हटलं, हलगी. त्यांनी बँडमधला ड्रम गळ्यात अडकवला. सर्जेराव बराकीत म्हणायचा, "हितं बी वाजवाय आलास व्हय रं? वाजीव, वाजीव!"

बँडमध्ये माझा जोडीदार होता दस्तगीर. कोल्हापूर गावातला, बँडवाल्यांच्याच घरातला. क्लॅरिनेट वाजवायचा. तो वाजवायला लागला की साहेबलोकांच्या मेसमधले आचारीसुद्धा पळी हातात घेऊन दारात यायचे. तोंडाचा फटकळ. "म्हाद्या, तू ड्रम वाजवत न्हाईस, कुणाला तरी बडवतोस," तो म्हणायचा. "कोण हाय त्यो, एकदा सांग तरी!" मी सांगितलं नाही. मी कुणालाच काही सांगत नसे.

लढाई लागली की बँडवाल्यांनी वाद्यं पेटीत ठेवायची आणि स्ट्रेचर उचलायचं, हा पलटणीचा नियम. खांद्यावर ड्रमचा पट्टा जिथं बसतो तिथंच स्ट्रेचरचा पट्टा बसतो. वळ तेच. जखमी माणसाला पाय पुढं करून नेतात; म्हणजे पुढच्याला रस्ता दिसतो आणि मागच्याला जखमीचं तोंड. दस्तगीर नेहमी पुढं राहायचा. "मला तोंडं बघवत न्हाईत, भावा." मी मागं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पश्चिमेच्या सरहद्दीवर होतो. तिथंही ऊस होता. आपल्यासारखा जाडजूड नव्हे, बारीक, काटक, पण ऊसच. रणगाडे त्यातून गेले होते आणि चिरडलेल्या कांड्यांतनं रस निथळत होता. कुठं फड पेटला होता. त्या दुपारी वास आला तो आपल्या गुऱ्हाळाचा, हुबेहूब. मला वाटलं, आता चरकही दिसेल.

सर्जेराव पुढच्या तुकडीत होता. मांडीत गोळी लागून तो उसाच्या कडेला पडला, आमच्या आणि त्यांच्या मधे. उघड्यावर. सुभेदारसाहेब म्हणाले, जरा थांबा, मारा कमी होऊ द्या. मी थांबलो नाही. दस्तगीर माझ्यामागं सरपटत शिव्या देत होता, "अरे कशाला मराय लागलाईस? कोण लागतोय त्यो तुझा?"

आज सांगतो कोण लागत होता. मला त्याला मरू द्यायचं नव्हतं. तो तिथं मेला असता तर गावाच्या वेशीवर त्याच्या नावाचा दगड बसला असता. शाळेच्या पोरांनी त्याला फुलं वाहिली असती. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून गावानं तोंड मिटलं असतं आणि माझा अण्णा जन्मभर बेवडा राहिला असता. शहीद होऊन सुटणार? मी त्याला सुटू देणार नव्हतो. मी वाचवायला गेलो नव्हतो. धरायला गेलो होतो.

मांडी आवळून बांधली, स्ट्रेचरवर घेतला, निघालो. पाय पुढं, तोंड माझ्याकडं. त्यानं मला ओळखलं. "म्हादू," म्हणाला. "पाणी."

वाटेत पाटाचा बांध होता. मी म्हणालो, "दस्तगीर, टेकव."

"आत्ता? हितं? पेशंटचं काय बिघडलंय काय?"

"टेकव म्हनतो न्हवं!"

टेकवलं. दस्तगीर तोंड पुढं करून रस्ता बघत बसला. मी बाटली काढली. ती सर्जेरावच्या ओठाला लावायला क्षण पुरला असता. मी ती वर धरली आणि म्हणालो, "ओंजळ कर, सर्ज्या."

मी त्याला कधी सर्ज्या म्हटलं नव्हतं. त्याला आधी समजलंच नाही. एक हात त्यानं जखमेवर दाबून धरला होता. तो सोडला की रक्त येणार. त्यानं दुसरा हात पुढं केला. मी पाणी सोडलं. ते त्याच्या कोपरावरून मातीत गेलं. परत ओतलं. परत गेलं. तो तळवा चाटायला लागला. मग त्याला समजलं. माझ्याकडं बघत तो रडायला लागला, आवाज न करता. मी ओततच होतो. खरं सांगतो, त्या वेळी मला वाटलं, माझ्या दोन्ही हातांत टिपरू आहे आणि सगळं मैदान माझ्या तालावर उभं आहे.

"झालं का रं?" म्हणून दस्तगीरनं मान मागं वळवली. तेवढ्यात गोळा पडला.

आम्हाला बांधानं झाकलं. वळवलेल्या तोंडाला झाकलं नाही. दस्तगीरचे पुढचे दात आणि खालचा ओठ गेला.

एकट्यानं दोघांना नेता येत नाही. सर्जेरावला पाठीवर घेऊन नेला, टाकला आणि दस्तगीरसाठी परत गेलो, त्याच उघड्या वाटेनं. त्या दुसऱ्या खेपेसाठी मला पदक मिळालं. ती खेप करावी लागली ती माझ्यामुळं. बांधाला थांबलो नसतो तर एकाच खेपेत तिघं मुक्कामाला लागलो असतो. पदक लावताना कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं, की या जवानानं माऱ्यातही जखमी साथीदाराची तहान भागवली. मी ताठ उभा होतो. हात पुसायला चिंधी तेवढी नव्हती.

पुढच्या मोसमाला गावानं माझा सत्कार ठेवला, आणि कुठं ठेवला? सर्जेरावच्या गुऱ्हाळावर. त्याचा पाय गुडघ्यावर कापला होता. कुबडी घेऊन तो उभा राहिला आणि सगळ्यांदेखत पितळी पेला माझ्या हातात दिला. लोकांनी टाळ्या पिटल्या. काय जमाना बदलला, म्हणाले. अण्णा मागं चिपाडांवर बसून खुंटानं मांडीवर टाळी वाजवत होता.

मी पेला तोंडाशी नेत सर्जेरावला हळूच म्हणालो, "आता अण्णाचं सांग. समद्यांम्होरं."

तोही हसऱ्या तोंडानं हळूच म्हणाला, "सांगतो की. मग पाण्याचं बी सांगू? त्या बँडवाल्याला?"

मी रस प्यायलो.

झालं. त्यानंतर दर मोसमात मी गेलो. सुट्टीवर असताना गेलो, पलटण सोडून कॉलेजात लागल्यावर रविवार धरून गेलो. जायचं, त्याच्यासमोर बसायचं, पेला घ्यायचा, काही बोलायचं नाही, बघत राहायचं. गावाला वाटायचं, काय दोस्ती आहे! सर्जेरावला काय वाटायचं ते त्याला विचारा. मी दिसलो की त्याची कुबडी घसरायची, एवढं मी बघितलंय. आणि मला बरं वाटायचं. पण घरी येताना अण्णा वेशीत भेटायचा, "भेटलास का सर्जेदादाला? बरं हाय का त्येचं?" म्हणायचा, आणि तोंडातला रस आंबायचा.

दस्तगीरला मी सणावारी भेटत होतो. बँडवाल्यांच्या गल्लीत तो वाद्यं दुरुस्त करतो. क्लॅरिनेटच्या किल्ल्या बसवतो, पुतण्याला फुंकायला लावतो आणि कान देऊन ऐकतो. स्वतः फुंकू शकत नाही. चहा पिताना हनुवटीखाली तळवा धरतो. लोकांनी विचारलं तर हसून म्हणतो, "पेशंटला पाणी पाजताना लागलं. सवाबाचं काम हुतं." पुण्याचं काम!

हे असंच मिटलं असतं. मी मिटवणाराच माणूस. पण यंदा माझ्या पुतण्याचं, अण्णाच्या पोराचं, लग्न ठरत आलं होतं. मुलीकडची माणसं बघून गेली आणि निरोप आला: पोरगा चांगला आहे, पण बाप पिऊन चरकात हात घालणारा, रक्तात असतं ते. अण्णा रिकाम्या बाहीची घडी घालत बसला. पोरगं आतल्या खोलीतनं बाहेरच आलं नाही.

त्या दिवशी मला उमगलं की माझ्या हातातलं हत्यार मीच म्यानात कोंबून बसलोय. सर्जेरावकडं माझ्याविरुद्ध एकच गोष्ट होती. ती मीच सांगून टाकली, तर त्याच्याकडं काय उरतं? काही नाही. मग तो माझ्या तावडीत. तेव्हा कुणी असं समजू नये की मन हलकं करायला मी हे लिहितोय. मन हलकं करायचं असतं तर देवळात गेलो असतो.

आधी दस्तगीरकडं गेलो. तो एका क्लॅरिनेटला चामड्याची गादी चिकटवत होता.

"दस्तगीर, त्या बांधाला आपण का थांबलो, म्हाईत हाय?"

"पेशंटला पाणी पायजे हुतं."

"पाणी मी तोंडाला लावलं न्हाय. वरनं ओतलं. एका हाताची ओंजळ कर म्हनलो."

त्याचा हात थांबला. मग मी सगळं सांगितलं, अण्णाच्या हातापासून. तो मधे एकदाच बोलला. "किती येळ वतत हुतास?"

"त्यो रडंपातूर. रडल्यावर बी."

त्यानं क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. पेटी लावली.

"म्हंजे माझं तोंड तुमच्या गावच्या रसात गेलं," तो म्हणाला. मग तळव्यानं हनुवटी पुसली. "ऊठ म्हाद्या. आज चहा न्हाय. तसाच जा."

रिकाम्या तोंडानं निघालो. कुणी मला तसं पाठवल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णाला घेऊन गुऱ्हाळावर गेलो. काहील उकळत होती, गाड्या लागल्या होत्या, माणसं बरीच होती. "या म्हादबा! पेला आणा रं!" सर्जेराव म्हणाला.

"पेला ऱ्हाऊ दे. मला बोलायचंय."

आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून मी सगळं सांगितलं. पाणी, ओंजळ, दस्तगीर, पदक. लोकांनी ऊस खाली ठेवले. सर्जेरावचं तोंड पांढरं पडत गेलं. माझी लाज ऐकून नव्हे. त्याची ढाल मोडत होती म्हणून.

"माझं झालं," मी म्हणालो. "आता तुझ्याकडं सांगाय माझं काय न्हाय, सर्ज्या. आता तुझं सांग."

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं."

"तुका... तुका पिल्याला नव्हता."

"इंजिन चालू हाय. आयकू यीना."

तो बघतच राहिला. मीही. मग कुबडी टेकत तो इंजिनापर्यंत गेला आणि त्यानं ते बंद केलं. चरक थांबला, ऊस अर्धा आत, अर्धा बाहेर. एवढी शांतता त्या गुऱ्हाळावर मी कधी ऐकली नव्हती.

"तुका त्या दिशी पिल्याला नव्हता," सर्जेराव म्हणाला. "त्यो कमी करा म्हनत हुता. मी वाढवलं."

तेवढ्यात काहिलीजवळनं गुळव्या ओरडला, "आरं पण माझं आदण जळाय लागलंय, त्येचं काय?" आणि अण्णा, माझा अण्णा, चिपाडांवरून उठत म्हणाला, "चालू करा सर्जेदादा. ऊस अडाकलाय." पेला त्याच्याकडं आला. तो डाव्या हातानं सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि पेला पालथा घालून ठेवला. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाला, "त्या बँडवाल्याला बी आपल्यासंगं आणाय पायजे हुतंस."

सूड कडू असतो असं पुस्तकांत वाचतो. पुस्तकं मी रोज हाताळतो. मला गोड लागला. सर्जेरावची ती चार पावलं, कुबडीचा तो आवाज, मी अजून झोपताना आठवतो. लग्न जमेल की नाही ते ठाऊक नाही. पण वेशीत आता अण्णाला कुणी बेवडा म्हणून हाक मारत नाही.

राहिला दस्तगीर. त्यानंतर मी दोनदा त्या गल्लीत गेलो. त्याचा पुतण्या म्हणाला, "चाचा कामात हायत." आत कुणीतरी क्लॅरिनेट फुंकत होतं, चुकीचं, आणि कुणी त्याला सुधारत नव्हतं.

सर्जेराव वर्षानुवर्षं माझी वाट कशी बघत असेल, कोणत्या रविवारी येईन, किती वेळ बसेन, आज बोलेन का, हे मला आता समजतंय. परवा वारा सुटला, मंडळींनी खिडक्या उघडल्या. या वेळी मी माझ्यामागची खिडकी लावली नाही. खुर्चीच वळवून घेतली. त्या खिडकीतून फाटकापर्यंतचा रस्ता दिसतो.

दस्तगीर येईल. मी त्याच्या जागी असतो तर आलो असतो.